ईमेलचा फोल्डर क्लासमध्ये मांडताना

जमिनीची कामं करणाऱ्या मडगावातल्या एका वकिली कार्यालयाचा सगळा मेल एका जागी आणायचा होता. जुना मेल कार्यालयातल्याच मशीनवर मेलडिरच्या रूपात (प्रत्येक मेसेज एक फाइल, प्रत्येक फोल्डर एक डिरेक्टरी) पडलेला, नवा जीमेलवर, आणि एक खातं अजून पॉप-थ्रीवर, म्हणजे मेल उतरवून घेण्यापुरत्या प्रोटोकॉलवर. सगळं एका आयमॅप सर्व्हरवर (मेल आणि फोल्डर सर्व्हरवरच ठेवणारा प्रोटोकॉल) न्यायचं, फोल्डर तालुकावार लावायचे (सासष्टी, बार्देश, तिसवाडी, पेडणे, आणि प्रत्येकात सनद, म्युटेशन म्हणजे फेरफार, मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेले रहिवासी, कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन) आणि पुढचा शोध, साठवण, जोडलेल्या एक-चौदाच्या (गोव्यातल्या सात-बारासारख्या) उताऱ्यांची छाननी हे सगळं प्रोग्रॅममधून चालावं, अशी मागणी. भाषा जावा, खाली जकार्ता मेल ही मेल हाताळणारी लायब्ररी, म्हणजे पूर्वाश्रमीची जावामेल. तिच्यावर आम्ही स्वतःचा एक थर, म्हणजे आमची लायब्ररी, बांधला आणि त्या थरातला बहुतेक वेळ एकाच क्लासवर गेला: फोल्डर.

जकार्ता मेलची रचना वरवर पाहता सरळ आहे. सेशनमधून स्टोअर (एका खात्याचा सगळा मेल), स्टोअरमधून फोल्डर, फोल्डरमधून मेसेज. फोल्डर हा अमूर्त क्लास. आयमॅप आणि पॉपचे प्रोव्हायडर तो आपापल्या परीनं भरतात. पण या एकाच क्लासमध्ये फार काही कोंबलेलं आहे. नाव, पूर्ण नाव, विभाजक चिन्ह, प्रकार, पोटफोल्डरांची यादी, उघडणं-मिटणं, मेसेज काढणं, मेसेज जोडणं, नाव बदलणं, उडवणं. यातल्या काही मेथड फोल्डर उघडा असेल तरच चालतात, काही मिटलेला असेल तरच. नाव बदलायचं किंवा फोल्डर उडवायचा तर तो मिटलेला हवा. मेसेज काढायचा तर उघडा हवा. चुकलं की इल्लीगल-स्टेट एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालताना येणारी चूक. कंपायलर यातलं काहीच पकडत नाही.

त्यातच गेट-फोल्डर ही मेथड सर्व्हरला काहीच विचारत नाही. अस्तित्वात नसलेल्या फोल्डरचं नाव दिलं तरी ऑब्जेक्ट मिळतंच. तेच नाव दोनदा दिलं तर दोन वेगळी ऑब्जेक्ट मिळतात. एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. मेसेजचं उलटं आहे: फोल्डर उघडा असेपर्यंत एका क्रमांकाला तेच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा मिळतं. म्हणजे मेमरीतलं फोल्डरचं ऑब्जेक्ट हे खऱ्या फोल्डरचं प्रतिबिंब नव्हेच. ती फक्त एक खूण आहे, आणि तिच्यामागचा फोल्डर दुसऱ्या कोणी फोनवरून केव्हाच हलवलेला असू शकतो.

म्हणून आम्ही त्याचे तीन क्लास केले. मार्ग, नोंद आणि सत्र. मार्ग म्हणजे फोल्डर कुठे आहे, एवढंच. तो कधी बदलत नाही आणि नेटवर्कला हात लावत नाही. नोंद म्हणजे सर्व्हरनं एका क्षणी त्या फोल्डरबद्दल दिलेली माहिती, वेळेच्या शिक्क्यासह. सत्र म्हणजे उघडलेला फोल्डर, आणि त्याच्यामागे एक जिवंत कनेक्शन. मेसेज फक्त सत्राकडे मागता येतात. नाव बदलणं आणि उडवणं फक्त स्टोअरकडे, मार्ग देऊन. उघडा की मिटलेला हा प्रश्न यानंतर कोडात उरलाच नाही, कारण मिटलेल्या सत्राचं ऑब्जेक्ट कोणाच्या हातात राहत नाही.

मार्ग हा तिघांत सगळ्यात छोटा क्लास, पण सर्वांत जास्त टेस्ट त्याच्याच आहेत. पूर्ण नाव एकसंध स्ट्रिंग म्हणून ठेवायचं नाही, भागांची यादी म्हणून ठेवायचं, हा पहिला नियम. विभाजक चिन्ह सर्व्हर ठरवतो आणि फोल्डरांची यादी मागणाऱ्या लिस्ट कमांडच्या उत्तरात कळवतो. जीमेलवर ते स्लॅश आहे; मेलडिर वापरणाऱ्या डव्हकॉट या मेल-सर्व्हरवर सहसा टिंब. आता गोव्यातल्या जमिनीचं एक अगदी नेहमीचं नाव घ्या: «सर्व्हे क्र. १२४/३». स्लॅशवाल्या सर्व्हरवर हा फोल्डर तयार करायला गेलात तर «सर्व्हे क्र. १२४» असा एक फोल्डर होतो आणि त्याच्या पोटात «३». टिंबवाल्या सर्व्हरवर तो «सर्व्हे क्र» पाशीच तुटतो, पोटात मोकळ्या जागेनं सुरू होणारं नाव येतं, आणि फाइलच्या नावात स्लॅश चालत नसल्यानं मेलडिर ठेवणारा सर्व्हर बहुधा ते नाव नाकारूनच टाकतो. एकच नाव दोन्हीकडे मोडतं, आणि दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेनं. «ता. बार्देश», «ॲड.», «डॉ.», «रु.» ही मराठीतली टिंबाची संक्षिप्त रूपं फोल्डरांच्या नावांत सर्रास असतात.

यावर लायब्ररीनं परस्पर टिंबाचं किंवा स्लॅशचं हायफन करून टाकणं आम्हाला पटलं नाही. जमिनीच्या कागदात १२४-३ आणि १२४/३ यांचा अर्थ एक नाही. मार्गाचा क्लास फक्त तपासतो: दिलेल्या सर्व्हरच्या विभाजकासाठी नाव बांधताना एखाद्या भागात तेच चिन्ह सापडलं की एक्सेप्शन फेकतो, कोणता भाग आणि कोणतं चिन्ह ते सांगून. बदल काय करायचा ते वापरणाऱ्यानं ठरवायचं. या कार्यालयात «सर्व्हे १२४ पोटविभाग ३» असं ठरलं, आणि ते लायब्ररीबाहेरच्या एका छोट्या क्लासमध्ये राहिलं.

इनबॉक्स या नावाला वेगळी वागणूक लागते. ते लहान लिपीत लिहा की मोठ्या, प्रोटोकॉलच्या दृष्टीनं एकच. बाकीच्या नावांबाबत मात्र सर्व्हर म्हणेल तसं. म्हणून दोन मार्गांची तुलना करताना फक्त पहिल्या भागाला, आणि तोही इनबॉक्स असेल तरच, ही सूट. काही सर्व्हर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटातच ठेवतात. ते नेमस्पेस कमांड विचारून कळतं. तो उपसर्ग वापरणाऱ्याला दाखवायचा नाही आणि त्याच्याकडून मागायचाही नाही.

यानंतर देवनागरी. २००३ च्या आयमॅप मानकात, म्हणजे आरएफसी ३५०१ मध्ये (आरएफसी हे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज), फोल्डरचं नाव सुधारित यूटीएफ-७ मध्ये पाठवावं लागतं. साधी रोमन अक्षरं तशीच जातात, बाकी सगळं अँपरसँड आणि हायफन यांच्यामध्ये बेस-६४ करून, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहून. नावात खुद्द अँपरसँड असेल तर त्याच्यानंतर हायफन जोडायचा. «मडगाव» मध्ये पाच कोडपॉइंट (युनिकोडची एकेक खूण) आहेत: म, ड, ग, काना, व. त्यांचे दहा बाइट, त्याची बेस-६४ ची चौदा अक्षरं, दोन बाजूंची दोन चिन्हं मिळून सोळा. जकार्ता मेल हे रूपांतर स्वतः करते. पायथनची आयमॅपलिब करत नाही; तिथे ते आपल्यालाच लिहावं लागतं. २०२१ च्या आरएफसी ९०५१ नं साधं यूटीएफ-८ आणलं, पण समोरचा सर्व्हर ते बोलतो की नाही हे कनेक्शन झाल्यावरच कळतं.

या सोळा अक्षरांचा जाच मेलडिरवर दिसतो. मेलडिर-प्लस-प्लस पद्धतीत पोटफोल्डर एकात एक नसतात. «सासष्टी» मधल्या «मडगाव» मधला «सनद» हा डिस्कवर एकच डिरेक्टरी असतो, टिंबानं सुरू होणारी आणि टिंबांनी जोडलेली. लिनक्सवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट. एका देवनागरी कोडपॉइंटला सुमारे पावणेतीन बाइट लागतात, म्हणजे आख्ख्या मार्गाला मिळून साधारण नव्वद कोडपॉइंट. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. पक्षकारांची पूर्ण नावं आणि खाली प्रकरणाचा विषय अशी चार पातळ्यांची रचना या मर्यादेला सहज भिडते. आम्ही मार्गाच्या क्लासमध्ये एन्कोड झालेली लांबी देणारी मेथड ठेवली आणि २०० च्या पुढे इशारा.

दिसायला सारखी पण आतून वेगळी नावं हा याहून अवघड भाग, आणि मराठीत तो जास्तच आहे. «कर्मचाऱ्यांची रजा» हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब. सर्व्हरच्या लेखी दोन निराळे फोल्डर. तसंच «ॲडव्हान्स» मधला ॲ: एकसंध अक्षर किंवा अ आणि त्यावर चंद्र. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारा नियम, या दोन्ही जोड्या एक करत नाही. र आणि त्याखालचा नुक्ता यांचं ऱ ते करतं, पण जॉइनरला ते हात लावत नाही. पोर्तुगीज वळणाच्या आडनावांचे रोमन फोल्डर या कार्यालयात बरेच होते. त्यांतल्या टिल्डेवाल्या स्वरांचा घोळ मात्र एनएफसीनं सुटतो.

उपाय असा केला की मार्गाला दोन रूपं दिली. एक, सर्व्हरनं जसं दिलं तसं, अक्षरही न बदलता. दुसरं, तुलनेची किल्ली: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनरचं ऱ-हलन्त, अ-चंद्रचा ॲ, आणि कडेच्या मोकळ्या जागा काढलेल्या. सिलेक्ट करताना नेहमी पहिलं रूप जातं, कारण शुद्ध केलेलं नाव पाठवलं तर असा फोल्डरच नाही असं उत्तर येतं. नवा फोल्डर करण्यापूर्वी मात्र किल्ली पाहिली जाते, आणि तीच किल्ली असलेला भाऊबंद सापडला तर तो आधी दाखवला जातो. हे घातल्यावर जुन्या मेलमधल्या अशा अनेक जोड्या समोर आल्या. त्यांतला मेल एकाच प्रकरणाचा होता.

नोंद या क्लासबद्दल थोडक्यात. ती लिस्टच्या उत्तरातून बनते. लिस्टमध्ये % दिलं की एकच पातळी येते, * दिलं की खालचं सगळं झाड. पडद्यावर झाड दाखवायचं तर % पुरतं, आणि पोटात काही आहे की नाही हे सर्व्हर हॅज-चिल्ड्रन या खुणेनं आधीच सांगत असेल तर पुढची फेरी वाचते. नो-सिलेक्ट ही खूण असलेला फोल्डर नुसता नावापुरता असतो, उघडत नाही. जीमेलचा चौकटी कंसातला मूळ फोल्डर असाच. मेलडिरमध्येही «सासष्टी» नावाची डिरेक्टरी नसताना «सासष्टी.सनद» असू शकते, तेव्हा सर्व्हर मधला दुवा नो-सिलेक्ट म्हणून दाखवतो. आमच्या मेलडिरच्या क्लासनं हेच वागणं उचललं, त्यामुळे वरच्या कोडाला दोघांत फरक करावा लागला नाही.

पाठवलेले, मसुदे, कचरा हे फोल्डर नावावरून शोधू नका. एका खात्यात नाव मराठीत असतं, दुसऱ्यात इंग्रजीत, तिसऱ्यात मेल-प्रोग्रॅमनं आपलं वेगळंच दिलेलं. २०११ च्या आरएफसी ६१५४ मधल्या स्पेशल-यूज खुणा याच कामासाठी आहेत. त्या नसतील तरच नावांच्या यादीकडे वळायचं.

मेसेजची संख्या विचारणारी मेथड दिसायला निरुपद्रवी. मिटलेल्या फोल्डरवर ती बोलावली की जकार्ता मेल सर्व्हरला स्टेटस कमांड पाठवते. शंभर फोल्डरांच्या झाडात प्रत्येकापुढे न वाचलेल्यांचा आकडा दाखवायचा म्हटलं तर शंभर फेऱ्या. नोंदीत आम्ही आकडा ठेवलाच नाही. तो मागवण्याची मेथड स्टोअरवर आहे, तिच्या नावातच मागवा हा शब्द आहे, आणि सर्व्हरला लिस्ट-स्टेटस येत असेल तर ती एकाच फेरीत सगळे आकडे आणते.

आता सत्र. एका आयमॅप कनेक्शनवर एका वेळी एकच फोल्डर निवडलेला असतो, म्हणून जकार्ता मेल प्रत्येक उघड्या फोल्डरला स्वतंत्र कनेक्शन लावते. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप कनेक्शन देतं. डव्हकॉटची मूळ मर्यादा एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून १०. कार्यालयातले फोन आणि संगणक राउटरमागे एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, त्यामुळे त्या दहातले काही आधीच गेलेले असतात. आम्ही एका खात्याला जास्तीत जास्त तीन सत्रं दिली, चौथं मागणारा थांबतो. एक सत्र एकाच थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकाच स्वतंत्र चालणाऱ्या कामाकडे.

सत्र दोन प्रकारांनी उघडतं: सिलेक्ट म्हणजे वाचन-लेखन (लेखी सत्र), एक्झॅमिन म्हणजे फक्त वाचन. शोध आणि साठवण यांना कायम एक्झॅमिन. कारण या कार्यालयात मेल न वाचलेला असणं हीच कामाची यादी असते, आणि लेखी सत्रात मेसेजचा मजकूर ओढला की तो वाचलेला म्हणून नोंदला जातो. लेखी सत्रातही वाचन करावंच लागलं तर पीक ही प्रॉपर्टी चालू करावी, मग वाचल्याची खूण लागत नाही.

सत्र मिटवण्यात एक मोठा खड्डा आहे. फोल्डरच्या क्लोज या मेथडला एक बूलियन लागतो, उडवायच्या खुणेचे मेसेज पुसायचे की नाहीत (आयमॅपमध्ये आधी नुसती खूण लागते, पुसणं नंतर). जावामेल १.६ पासून फोल्डर ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये वापरता येतो, आणि तिथे आपोआप बोलावली जाणारी बिनपॅरामीटरची क्लोज ही पुसायचंच असं धरून चालते. म्हणजे नीटनेटका दिसणारा तो कोड लेखी सत्रात कंस संपताना मेसेज कायमचे काढून टाकतो, आणि त्यांवर ती खूण दुसऱ्याच कोणी आउटलुकमधून लावलेली असू शकते. आमच्या सत्राची क्लोज कधीच पुसत नाही. पुसणं ही वेगळी मेथड, तिला यूआयडींची, म्हणजे मेसेजच्या ओळख-संख्यांची, यादी द्यावीच लागते. न पुसता मिटवताना जकार्ता मेल अनसिलेक्ट पाठवते. सर्व्हरला ते येत नसेल तर तोच फोल्डर फक्त-वाचन म्हणून पुन्हा उघडून बाहेर पडते.

मेसेजची ओळख कशी ठेवायची? क्रमांक १ पासून सुरू होतात आणि पुसणं झालं की सरकतात, म्हणून सत्राबाहेर ते कवडीमोलाचे. आमच्या लायब्ररीत क्रमांक बाहेर येतच नाही. बाहेर येतो तो यूआयडी, ३२ बिटांचा, फोल्डरमध्ये चढत्या क्रमानं दिलेला, आणि नेहमी यूआयडी-व्हॅलिडिटीच्या जोडीनं. ही दुसरी संख्या बदलली की आधीचे सगळे यूआयडी रद्द. गोव्यात जुन्या पोर्तुगीज नोंदीतला मात्रिझ क्रमांक घेऊन नव्या मोजणीच्या नकाशात प्लॉट शोधता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. फोल्डर उडवून त्याच नावानं पुन्हा केला किंवा बॅकअपमधून सर्व्हर उभा केला, तर ती बदलते. म्हणून किल्ली तीन भागांची: मार्ग, व्हॅलिडिटी, यूआयडी. व्हॅलिडिटी जुळली नाही की त्या फोल्डरचा आपला साठा फेकायचा आणि मेसेज-आयडीच्या (मेसेजच्या मथळ्यातच असलेल्या ओळखीच्या) आधारानं पुन्हा जुळवायचा. जुळेल त्या यूआयडीवर धकवून नेलं तर एका पक्षकाराचा कागद दुसऱ्याच्या प्रकरणात जाऊन बसतो, आणि कुठे एक्सेप्शनही येत नाही.

वेगाचं गणित सोपं आहे. सर्व्हरपर्यंतची एक फेरी ४० मिलिसेकंद धरली तर दहा हजार मेसेजचे मथळे एकेक करून ओढायला ४०० सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. फेच-प्रोफाइलमध्ये, म्हणजे एकदम काय मागवायचं त्या यादीत, एन्व्हलप, फ्लॅग आणि यूआयडी सांगून दोनशे-पाचशेच्या तुकड्यांनी मागवलं की तो वेळ जवळजवळ संपतो. जोडलेल्या फाइलींचं तसंच. जकार्ता मेल मजकूर १६ किलोबाइटच्या घासांनी ओढते. स्कॅन केलेला मोजणीचा नकाशा २० मेगाबाइटचा असेल तर बेस-६४ मुळे तो २७ च्या घरात जातो. घास होतात साधारण पावणेदोन हजार, म्हणजे आणखी सत्तर सेकंद. फेच-साइज एक मेगाबाइट केली की पुरे. तुकड्यांनी ओढणं पूर्ण बंदही करता येतं, पण मग सगळा मेसेज एकदम मेमरीत येतो.

टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा, ही गोष्ट इथल्या पावसाळ्यात कळते. जूनमध्ये वीज जाते, राउटर पुन्हा चालू होतो, आणि आपल्या बाजूचं कनेक्शन मेलं आहे हे प्रोग्रॅमला कोणीच सांगत नाही. जकार्ता मेलमध्ये जोडणीचा, वाचनाचा आणि लेखनाचा टाइमआउट मुळात अनंत आहे. थ्रेड वाचनावर अडकतो तो अडकतोच. जोडणीला १० सेकंद, वाचनाला ६० असे आकडे आम्ही ठेवले. इथे एक बारीक गोष्ट: स्टोअर आयमॅप्स या नावानं, ९९३ पोर्टवर उघडला असेल तर प्रॉपर्टीच्या नावातही आयमॅप्स हवं. नुसतं आयमॅप लिहिलं तर ती प्रॉपर्टी निमूट दुर्लक्षिली जाते. लॉगमध्ये काही येत नाही आणि टाइमआउट लावला आहे अशी समजूत तशीच राहते. केबल काढून एकदा बघा, एवढीच याची खरी टेस्ट.

नवा मेल आला की कळावं म्हणून आयडल कमांड आहे. २९ मिनिटांच्या आत ती पुन्हा द्यावी असं आरएफसी २१७७ म्हणतं. घरगुती राउटर त्याच्या बरंच आधी शांत कनेक्शन विसरतात, म्हणून आम्ही दर ९ मिनिटांनी देतो.

आता हलवाहलवी. नाव बदलताना पोटातले सगळे फोल्डर सोबत जातात, पण मेमरीतल्या त्यांच्या खुणा जुन्या नावावरच राहतात. आमच्या रचनेत मार्ग बदलत नसल्यामुळे स्टोअर फक्त जुना उपसर्ग आणि नवा उपसर्ग असा एक इव्हेंट देतो, ज्याला हवं त्यानं आपले मार्ग बदलून घ्यावेत. इनबॉक्सचं नाव बदललं तर प्रोटोकॉल वेगळंच करतो: मेसेज नव्या फोल्डरमध्ये जातात आणि रिकामा इनबॉक्स जागेवरच राहतो. ती मुभा आम्ही बंद केली. सबस्क्रिप्शन, म्हणजे मेल-प्रोग्रॅमनं दाखवायच्या फोल्डरांची यादी, तर नावाबरोबर सरकतंच असं नाही. फोल्डरला नवं नाव दिलं आणि नवं सबस्क्राइब केलं नाही, तर मेल-प्रोग्रॅममध्ये तो दिसत नाही आणि कार्यालयातून फोन येतो की सनदचा फोल्डरच गायब झाला. नाव बदला, नवं सबस्क्राइब करा, जुनं काढा, हे तिन्ही एकाच मेथडमध्ये.

मेसेज एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी २०१३ पासून मूव्ह ही स्वतंत्र कमांड आहे, आरएफसी ६८५१. ती नसेल तर कॉपी, उडवण्याची खूण, आणि पुसणं. साधं पुसणं त्या फोल्डरमधले खूण असलेले सगळेच मेसेज काढतं, म्हणून यूआयडी-प्लस हा विस्तार असलेल्या सर्व्हरवर आपण नेलेले यूआयडी तेवढे पुसायचे. दोन्ही नसेल तर आमची मेथड खूण लावून थांबते. कनेक्शन मध्येच तुटलं तर मेसेज दोन्हीकडे राहतो. तो नाहीसा होण्यापेक्षा दुहेरी झालेला परवडतो, आणि पुढच्या फेरीत मेसेज-आयडीवरून तो सापडतो.

दोन सर्व्हरांच्या मध्ये कॉपी चालत नाही, तिथे अपेंड, म्हणजे मेसेज फोल्डरमध्ये नव्यानं घालणं. यात आवक तारीख सांभाळावी लागते. नोटिशीला उत्तर किती दिवसांत द्यायचं हे ती मेलवर केव्हा आली यावरून पाहिलं जातं, त्यामुळे इथे चूक चालणारच नव्हती. जकार्ता मेल अपेंड करताना मेसेजची आवक तारीख पाठवते, ती नसेल तर मथळ्यातली पाठवल्याची तारीख. मेलडिरच्या फाइलीतून बनवलेल्या मेसेजला आवक तारीख नसतेच. म्हणून माइम-मेसेजचा उपक्लास करून ती मेथड फाइलच्या बदल-वेळेवरून भरली. डव्हकॉट मेलडिरमध्ये आवक तारीख तिथेच ठेवतो. यासाठी जुन्या मशीनवरून फाइली आणतानाच वेळ जपणारी कॉपी हवी. साधी कॉपी केली की सगळ्या मेलला आजची तारीख लागते आणि खरी तारीख परत मिळवायला फक्त रिसीव्हड मथळे उरतात. वाचलेला, उत्तर दिलेला, खूण केलेला या गोष्टी फाइलच्या नावाच्या शेवटी अक्षरांनी असतात, त्या फ्लॅगमध्ये उतरवायच्या. त्या शेपटीच्या आधीचं नाव हीच मेसेजची किल्ली. त्या नावात अपूर्णविराम असल्यामुळे या फाइली विंडोजच्या डिस्कवरून फिरवू नयेत.

जीमेलवरून आणताना एक मेसेज अनेक लेबलांखाली, म्हणजे अनेक फोल्डरांत दिसतो, आणि सगळा मेल दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा एकदा. जीमेलचा स्वतःचा मेसेज-क्रमांक, जो आयमॅपच्या विस्तारातून मिळतो, तो धरून एकच प्रत घेतली आणि कोणता फोल्डर वरचढ ते कार्यालयाकडून लिहून घेतलं. पॉपवर फक्त इनबॉक्स, पोटफोल्डर नाहीत, नाव बदलणं नाही. म्हणून तयार करणं, नाव बदलणं, उडवणं या मेथड आम्ही मूळ क्लासमध्ये ठेवल्या नाहीत, वेगळ्या इंटरफेसमध्ये ठेवल्या. पॉपचा स्टोअर तो इंटरफेस घेतच नाही. जकार्ता मेलमध्ये त्या मेथड पॉपलाही असतात आणि चालवल्यावर तयार करणारी नुसतं फॉल्स देते, बाकीच्या दोन मेथड-नॉट-सपोर्टेड म्हणतात. कंपाइल होताना कळलेलं बरं.

टेस्टसाठी ग्रीनमेल हा चाचणीचा मेल-सर्व्हर प्रोग्रॅमच्या आतच चालतो आणि चटकन उठतो, पण विभाजक आणि नावांच्या टेस्ट खऱ्या डव्हकॉटवरच घ्याव्यात: त्याच टेस्ट एकदा टिंब विभाजकावर, एकदा स्लॅशवर. फोल्डर नेऊन झाल्यावर पडताळणीत आकारमान जुळवत बसू नका. मेलडिरमध्ये ओळ एका बाइटनं संपते, आयमॅप ती दोन बाइटांची मोजतो, त्यामुळे फाइलचा आकार आणि सर्व्हरनं दिलेला आकार यांत ओळीमागे एक बाइटाचा फरक पडतो. मेसेजची संख्या, मेसेज-आयडींचा संच आणि जोडलेल्या फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे), एवढं फोल्डरवार जुळलं की तो फोल्डर झाला असं धरलं. मेसेज-आयडीच नसलेले मेल जुन्या खात्यात निघाले, मुख्यतः स्कॅनरनं थेट पाठवलेले. त्यांच्यासाठी तारीख, विषय आणि जोडलेल्या फाइलीचा हॅश यांची मिळून किल्ली केली. जुना मेलडिर अजून जागेवर आहे, फक्त वाचनासाठी, आणि तालुक्याचा शेवटचा फोल्डर कार्यालयानं स्वतः उघडून पाहिल्यावरच त्या तालुक्याची जुनी प्रत काढली जाते. सासष्टी आणि तिसवाडी झाले आहेत, बार्देश चालू आहे.